‘पोट्टा शिकला का पयाला’

कामधंद्याची विचारपूस : वाचकांची पत्रं आणि एका निवृत्त आयटीआय निदेशकाची उत्तरं

मागच्या अंकात फिटर ट्रेड पास झालेल्या एका मुलाला मी लिहिलं होतं, की शिकाऊ उमेदवारीचं वर्ष कमी पैशात काढावं लागलं तरी काढ, पण कागद हातात घेऊनच बाहेर पड. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली, की हा अंक त्याच विषयाला दिला. मालकाचंही पत्र आहे आणि फिटरचंही. दोघे एकाच जिल्ह्यातले आहेत. एकाच जिनिंगमधले (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) नसावेत अशी आशा करतो. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची जिनिंग-प्रेसिंग आहे, चोवीस डबल रोलर मशिनी. दरसाल दोन-तीन पोट्टे फिटरच्या हाताखाली लावतो. रोलर बसवणं, चाकू सेट करणं, बेरिंग बदलणं, सारं इथंच शिकतात. दोन हंगाम झाले का हिंगणघाटले नाहीतर आदिलाबादकडे निघून जातात, तिकडे दोन-तीन हजार जास्त भेटतात म्हणून. पोट्टा शिकला का पयाला. मंग आम्ही शिकवावं कायले? पाच वर्षांचा बाँड लिहून घेतला तर चालते का?
(एक जिनिंगवाले, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : शेठजी, आधी हिशेब करू, बाँडचं मग बोलू.

पोराला घेतलं तेव्हा रोजी कोणती लावली? हमालाची. दुसऱ्या हंगामात तो एकट्याने रोलर उतरवायला लागला, पक्का चाकू आणि बीटरचा चाकू यांचं जमवायला लागला, तेव्हाही बहुतेक तीच रोजी, वरून दिवाळीला थोडं काही. त्या चाकूंचं जमलं नाही तर एक तर सरकीला रुई चिकटून जाते, नाहीतर सरकी फुटून टरफलाचे कण रुईत उतरतात आणि घेणारा भाव पाडतो. हे काम हमालाचं नव्हे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणजे पोराने बराच काळ फिटरचं काम हमालाच्या पैशात केलं. तुम्ही शिकवण्यात घातलेला वेळ तुमच्या वहीत लिहिलेला नसतो, तसा त्याने कमी घेतलेला पैसाही कुठे लिहिलेला नसतो. म्हणून दोघांनाही वाटतं, की आपणच दिलं.

गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली या व्यवहाराची नीट फोड केली. त्यांना १९९२ साली नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. काही हुनर कुठल्याही कारखान्यात चालतं, काही फक्त त्याच एका आवारात चालतं. जे कुठेही चालतं त्याचा फायदा कामगार सोबत घेऊन जाऊ शकतो, म्हणून मालक त्याच्यावर पैसा घालायला तयार नसतो. शिकणारा कमी पगारावर राबून तो खर्च स्वतःच भरतो आणि शिकल्यावर जास्त पगार मागतो. जे एकाच आवारात चालतं त्याचा खर्च दोघांनी वाटून घेण्यात शहाणपण असतं, कारण जोडी फुटली तर दोघांचाही पैसा बुडतो.

आता तुमच्याकडे बघा. नागपुरात बनलेल्या डबल रोलर मशिनी देशभर जातात. तुमच्याकडे जी मशीन, तीच हिंगणघाटला, तीच आदिलाबादला. तुमच्या फिटरचा हात कापसाच्या सगळ्या पट्ट्यात चालतो. मग हिंगणघाटचा दर तोच त्याचा दर, तुम्ही ठरवाल तो नाही. एवढं मात्र खरं, की काही गोष्टी तुमच्याच आवारातल्या असतात. तुमच्या प्रेसचा पंप कधी कुरकुरतो, कोणत्या गावचा कापूस ओला येतो, कोणत्या लाइनवर सारखा जाम होतो. हे जाणणारा माणूस गेला की नव्याला पहिला महिनाभर चाचपडावं लागतं आणि मशिनी बंद राहतात. तेवढ्या जाणकारीचे पैसे तुम्ही त्याला आपण होऊन दिले पाहिजेत, कारण हिंगणघाटवाला ते देणार नाही.

तुम्ही विचारता, शिकवावं कशाला. मी उलट विचारतो, तोट्याचं असतं तर तुम्ही दरसाल शिकवलं असतं का? बेकरच्या हिशेबात न बसणारी ही गोष्ट दारोन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफेन पिश्के या दोघांनी १९९० च्या दशकात जर्मनीकडे बघून मांडली. तिथल्या कंपन्या कुठेही चालेल असं काम शिकाऊ पोरांना स्वतःच्या खर्चाने शिकवतात. का? शिकल्यावर माणसाचं काम जेवढं वाढतं, तेवढा त्याचा बाजारातला पगार वाढत नाही. बाहेरच्या मालकाला त्याचा हात माहीत नसतो, नोकरी बदलायची म्हणजे गाव बदलावं लागतं, मुलांची शाळा बदलावी लागते. काम आणि पगार यांच्यातली ही फट मालकाच्या पदरात पडते. तालुक्यात एकच जिनिंग असेल तर फट मोठी. तुमची फट हिंगणघाटने थोडी कमी केली, एवढंच झालं आहे.

बाँड. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ असं आहे, की कुणाला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. पण नोकरीच्या मुदतीतली बंधनं न्यायालयांनी मान्य केलेली आहेत. कल्याणच्या एका कारखान्याने टायरच्या धाग्याचं काम शिकवलेला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांची मुदत संपायच्या आत कोट्याच्या दुसऱ्या कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली उरलेल्या मुदतीपुरती त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट त्याच न्यायालयाने ग्राह्य धरली. हे वाचून खूश होऊ नका. तिथे बँकेचा अधिकारी होता आणि सरकारी बँकेचा भरतीचा खर्च होता. दंडाची रक्कम कागदावर कितीही लिहा, कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, आणि वाजवी किती हे ठरताना तुम्हाला विचारतील, खर्च काय केला? हमालाच्या रोजीवर राबलेल्या पोराच्या नावावर तुम्ही काय दाखवणार?

खर्च दाखवण्यासारखा करायचा असेल तर वाट आहे. नागपुरात सिरकॉटचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. सिरकॉट म्हणजे मुंबईची केंद्र सरकारची कापूस तंत्रज्ञान संस्था, १९२४ पासूनची. तिथे पोराला पाठवा, फी भरा, त्या दिवसांचा पगार द्या, राहण्याचा खर्च द्या, पावत्या जपा. मग एक हंगाम थांबण्याचा करार लिहा आणि त्यात रक्कम दर महिन्याला उतरत जाईल असं घाला. असा कागद पोरगाही समजून सही करतो. मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायची जी खोड आपल्याकडे आहे, ती मात्र सोडा. ती जबरदस्ती आहे, आणि तिच्यामुळे चांगला पोरगा तुमच्या फाटकात येतच नाही.

शेवटी एक कडू बोलतो. पोट्टा पयाला म्हणता, पण एप्रिल-मेमध्ये कापूस संपला की फाटक कोण लावतं? दिवाळीपर्यंत त्या फिटरने काय खायचं? वर्षातले पाच-सहा महिने तुम्हीच त्याला मोकळं सोडता, आणि मोकळा माणूस दुसरीकडे लागला की पळाला म्हणता. पावसाळ्यात रोलर काढून बघणं, खोबण्या पाडणं, बेरिंगा, पट्टे, शाफ्टची सरळी, हे सगळं करायचं असतंच. ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घाईने करण्याऐवजी दोघा चांगल्या फिटरना चार महिने अर्ध्या पगारावर ठेवून करून घ्या. हिंगणघाटच्या दोन-तीन हजारांची ओढ त्याने जेवढी कमी होईल, तेवढी कुठल्याही स्टॅम्पपेपरने होणार नाही.

आणि हो, तुमच्याकडे ठेकेदाराची माणसं धरून तीस किंवा जास्त कामगार असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं तुम्हाला कायद्यानेच बंधनकारक आहे. विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार सोसतं. ही योजना २०१६ पासून आहे. मी नोकरीत असताना जिनिंगवाल्यांना हे सांगायला गेलो की चहा उत्तम मिळायचा, अर्ज कोणी भरायचं नाही.

प्रश्न : सर, मी सहा हंगाम जिनिंगमध्ये आहे. दहावी नापास. डबल रोलरचं सगळं काम येतं, रात्रपाळीला एकटा सांभाळतो. १३ हजार भेटतात. यंदा आयटीआयचा नवा पोरगा आला, त्याले पान्हा धरता येत नाही, अन् त्याले १४ हजार. शेठले म्हटलं तर म्हणते, तुह्याजवळ कागद कुठी आहे. मी कोर्स करू, का आदिलाबादले जाऊ, का गप बसू?
(वय २६, घाटंजी तालुका)

उत्तर : अरे बाबू (सगळ्या पोरांना अरे-तुरे करायची सवय आहे, राग मानू नको), गप तर अजिबात बसू नको. पण रागाच्या भरात आदिलाबादची बसही धरू नको.

आधी हे समजून घे, की तुझा शेठ कागद मागतो तो बहाणा आहे. त्याला तुझा हात माहीत आहे, रात्री तो तुझ्या भरवशावर झोपतो. त्याला कागदाची गरजच नाही. त्याला माहीत आहे ते दुसरंच, की तुझ्याकडे कागद नाही म्हणून बाहेर तुला कोणी फिटर म्हणून उभं करणार नाही, परत हेल्पर म्हणूनच घेतील. १३ हजार हा तुझ्या हुनराचा भाव नाही, तुझ्या अडकलेपणाचा भाव आहे. आयटीआयच्या पोराकडे हात नाही, पण त्याचा कागद बुटीबोरीलाही चालतो आणि चंद्रपूरलाही, म्हणून त्याला थांबवायला हजार रुपये जास्त द्यावे लागले.

कागद घ्यायला दोन वर्षं आयटीआयमध्ये बसायची गरज नाही. येतंच असलेल्या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आहे. तिला आरपीएल म्हणतात. थोड्या तासांची उजळणी आणि मग परीक्षा. तुझ्या कामाशी जुळणारी परीक्षा कुठे होते याची चौकशी यवतमाळला जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात कर. नागपूरच्या जिनिंग केंद्राचं मी वर लिहिलंच आहे. शेठ पाठवत नसेल तर हंगाम संपल्यावर स्वतः विचारून ये. दहावीचं राहिलेलंही काढून टाक. किती विषय राहिलेत ते तू लिहिलं नाहीस. गणित-इंग्रजीच असतील तर दोन्ही जमण्यासारखे आहेत, चाकूचं अंतर डोळ्यांनी ओळखणाऱ्याला गणित येत नाही यावर माझा विश्वास नाही.

दुसरं, शेठकडून दोन गोष्टी लेखी माग. नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आलं आहे. दाखल्यात नुसतं ‘जिनिंगमध्ये कामाला होता’ असं नको. डबल रोलर, किती मशिनी, रोलर बदलणं, चाकू सेट करणं, रात्रपाळी एकट्याने, असं काम लिहून घे. पगार वाढवून मागायच्या आधी दाखला माग, नंतर नाही. क्रम महत्त्वाचा आहे.

तिसरं मी जरा खोलात सांगतो, कारण पोरं इथेच चुकतात. जिनिंगचा फिटर हा हंगामाचा माणूस. पण बेरिंग, गिअरबॉक्स, पट्टे, शाफ्ट हे जिनिंगचं एकटीचं नाही. अकोल्याला डाळ मिलांची रांग लागलेली आहे. तूर जानेवारीपासून येते आणि मिला पुढे चालत राहतात. सरकीच्या तेलाच्या मिला आहेत, सोयाबीनचे प्लांट आहेत. तू ‘जिनिंगचा फिटर’ म्हणून जगलास तर तुझ्यासाठी विदर्भात सहा महिन्यांचा बाजार आहे. ‘मिल फिटर’ म्हणून उभा राहिलास तर बारा महिन्यांचा. त्यासाठी दोनच गोष्टी जास्त शिकायच्या आहेत : प्रेसचं हायड्रॉलिक आणि मोटरच्या पॅनेलची निदान तोंडओळख. तो आयटीआयचा नवा पोरगा आहे ना, त्याला पॅनेल येत असेल. तू त्याला पान्हा धरायला शिकव, त्याच्याकडून पॅनेल शीक. त्याचा दुस्वास करून तुझे हजार रुपये भरून निघणार नाहीत.

हे झाल्यावर आदिलाबादला जा, पण फोन करून. १६ हजार म्हणाले तर खोली, खानावळ, येण्याजाण्याचं भाडं कागदावर लिही. घरी तुला खोलीभाडं नाही, आईच्या हातचं जेवण आहे. पाच-सहा हजार तिकडेच गेले तर १६ हजार हे १३ पेक्षा कमी आहेत. तरीही तो आकडा कामाचा आहे. तो शेठला सांग, नम्रपणे, आणि जायची खरी तयारी असेल तरच सांग. शेठ एकदा पोकळ धमकी ओळखला की पुढच्या तीन हंगामांची बोलणी बसली.

प्रश्न : आमच्या गावात एका खाजगी प्रशिक्षण केंद्राची गाडी आली होती. ते म्हणतात, तीन महिन्यांच्या कोर्सनंतर त्यांच्या मुलांची कमाई सहा महिन्यांत दुप्पट झाली. फी ३५ हजार. मुलाचा बाबा म्हणतो सोयाबीन विकून भरू. भरावी का?
(एक आई, आर्णी तालुका)

उत्तर : ताई, सोयाबीन ठेवा घरात, आधी त्यांना विचारा, दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट?

समजा तुमच्या मुलाची यंदाची कमाई महिन्याला सरासरी चार हजार पडली, कारण पीक गेलं, मजुरी मिळाली नाही. अशा वर्षीच पोरं असल्या केंद्रात नाव घालतात. बरं चाललेलं असताना कोण जातं? पुढच्या वर्षी पाऊस नीट झाला, गावातच काम मिळालं, तर कोर्स न करताही कमाई सात-आठ हजार होईल. केंद्रवाला म्हणेल, बघा, दुप्पट. यवतमाळात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला होता, आठवतं? त्या वर्षी कोणत्याही पोराचं नाव कुठल्याही वर्गात घातलं असतं, तरी पुढे त्याची कमाई वाढलेलीच दिसली असती.

ही मी काढलेली शंका नाही. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली तिथल्या सरकारी प्रशिक्षणाचे आकडे तपासले, तेव्हा दिसलं, की माणसं प्रशिक्षणाला येण्याच्या अगदी आधी त्यांची कमाई खाली घसरलेली असते. त्या खड्ड्यातून मोजायला सुरुवात केली की कुठलाही वर्ग चमत्कार करतो. पुढे १९८६ साली रॉबर्ट लालोंद यांनी आणखी कडक तपासणी केली. एका कार्यक्रमात माणसांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडलं होतं, काहींना प्रशिक्षण, काहींना नाही. त्या खऱ्या तुलनेशी त्यांनी आकडेमोडीच्या नेहमीच्या पद्धती ताडून पाहिल्या. बऱ्याच पद्धतींनी भलतीच उत्तरं दिली. एवढ्या मोठ्या विद्वानांची आकडेमोड फसते, तिथे गाडीवरच्या फलकाचं काय घेऊन बसलात.

याचा अर्थ कोर्स फुकट असतो असा नाही. त्यांना एवढंच विचारा : दोन वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या, आपल्याच तालुक्यातल्या पोरांचे नंबर द्या. नोकरी लागली किती जणांना हे नका विचारू, ते सगळे छापतात. वर्षानंतर किती जण कामावर होते ते विचारा. पगाराची पावती दाखवा म्हणा आणि कापून हातात किती येतो ते बघा. प्रमाणपत्र कोणाचं, एनसीव्हीईटीची (व्यवसाय शिक्षणावर देखरेख करणारी केंद्र सरकारची परिषद) मान्यता असलेल्या संस्थेचं की केंद्रवाल्याच्याच छापखान्यातलं? नंबर द्यायला टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं समजा. दरम्यान जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) जाऊन या, तिथे शिकणं, राहणं, जेवण सगळं मोफत असतं. मुलाला काय आवडतं ते तुमच्या पत्रात कुठेच नाही, तेही एकदा विचारून बघा.

प्रश्न : मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मी आमच्या ग्रामपंचायतीत काम केलं. बीए आहे, महिन्याला १० हजार मिळायचे. आता मुदत संपली. आम्हाला कायम करतील का? नाही केलं तर या अनुभवाचा पगारात काही उपयोग होईल का?
(एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका)

उत्तर : ताई, २०२४ मध्ये योजना आली ती सहा महिन्यांची, पुढे अकरा महिन्यांची केली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीला १०, असं ते विद्यावेतन होतं. कायम करण्याची मागणी राज्यभर होते आहे, ती करायला तुम्ही मोकळ्या आहात. पण त्या आशेवर घरी बसू नका.

ग्रामपंचायतीत तुम्ही जे शिकलात त्यातलं बरंचसं, कोणता रजिस्टर कुठे, कर आकारणीचा उतारा कसा काढायचा, कोणत्या पोर्टलवर काय भरायचं, हे ग्रामपंचायतीच्या बाहेर थोडंच विकलं जातं. आपले सरकार सेवा केंद्रात ते चालेल, तिथे जागा असेल तर आधी तिथे जा. बाकीच्यांना तुमचं काम समजेल अशा भाषेत आणावं लागेल, आणि ती भाषा आपल्याकडे परीक्षेची आहे. मराठी टंकलेखन ३० शब्दांचं आणि जमलं तर इंग्रजी ४० चं, पुण्याच्या परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी भरतीत हेच मागतात, पतसंस्था, वकील, डॉक्टर यांच्याकडेही चालतं. अकरा महिने रोज कीबोर्डवर होतात, तर वेग निम्मा तयार असेलच. ग्रामसेवकांची बदली व्हायच्या आधी त्यांच्याकडून कामाच्या तपशिलासह दाखला घ्या.

प्रश्न : मुलाने वायरमन ट्रेड केला, आता वीज कंपनीत शिकाऊ उमेदवार आहे. वर्ष संपल्यावर त्याले तिथंच घ्यावं लागते का? लोक म्हणतात घ्यावंच लागते.
(एक शेतकरी, पुसद तालुका)

उत्तर : भाऊ, लोक चूक सांगून राह्यले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या कलम २२ मध्ये आधी स्पष्ट होतं, की मालकावर नोकरी द्यायचं बंधन नाही आणि शिकाऊवर ती घ्यायचं बंधन नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ते कलम एवढंच म्हणतं, की उमेदवारी पूर्ण केलेल्यांना घेण्याचं धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवावं. घ्यावंच लागतं असं त्यात नाही. करारातच ‘पुढे इथे काम करीन’ अशी अट लिहिली असेल, तेव्हा मात्र दोघांनाही पाळावी लागते. मुलाचा करार काढून वाचा. बहुतेक पोरं सही करतात आणि वाचत नाहीत.

उमेदवारीच्या शेवटची परीक्षा त्याने चुकवू नये. ती पास झाली की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं, ते पुढे इतर ठिकाणच्या भरतीतही धरलं जातं. परीक्षेच्या तारखांचं पत्र कधीकधी आस्थापनेत येऊन पडून राहतं, तेव्हा मुलाला म्हणा, दर महिन्याला शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर स्वतः बघ. आणि खांबावर चढण्याआधी लाइन बंद असल्याची खात्री दुसऱ्याच्या तोंडावर ठेवू नको, अर्थिंग रॉड टाकल्याशिवाय हात लावू नको, हेही माझ्याकडून सांगा.